अकरावी-बारावीला 'मास मीडिया': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की घरोघरी विषयांच्या याद्या उघडतात, आणि त्यात 'मास मीडिया' दिसलं की आईवडील थबकतात. मी हा विषय शिकवते. पालकसभेत, फोनवर, शाळेच्या फाटकाशी उभं राहून जे प्रश्न विचारले जातात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच दिलं आहे.

हा विषय कोणत्या मंडळात मिळतो?

सीबीएसईमध्ये अकरावी-बारावीला 'मास मीडिया स्टडीज' हा कौशल्य विषय आहे, त्याचा सांकेतांक ८३५. मुक्त विद्यालयाकडून, म्हणजे एनआयओएसमधून बारावी करणाऱ्यांसाठी 'जनसंचार' हा विषय आहे, सांकेतांक ३३५. आयएससी, म्हणजे आयसीएसईवाल्या मंडळाची बारावी, तिच्या यादीतही माध्यमांचा विषय आला आहे. राज्य मंडळाच्या कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या नेहमीच्या विषयांत मात्र तो स्वतंत्रपणे नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. मंडळाच्या यादीत विषय असला म्हणजे तुमच्या शाळेत तो असेलच असं नाही. त्यासाठी शाळेला मंडळाकडे रीतसर विषय घ्यावा लागतो आणि शिक्षक नेमावा लागतो. प्रवेश घेतल्यावर 'यंदा विद्यार्थी कमी, वर्ग होणार नाही' असं कळलं तर पंचाईत होते. कार्यालयात आधी विचारा.

परीक्षा कशी असते?

सीबीएसईत लेखी ६० गुणांची आणि प्रात्यक्षिक ४० गुणांचं. लेखीचा वेळ तीन तास. त्या ६० पैकी १० गुण सगळ्याच कौशल्य विषयांना समान असलेल्या भागाचे: संवाद, स्वयंव्यवस्थापन, संगणक, उद्योजकता आणि हरित कौशल्यं. मुलं हा भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. मन लावून दोन दुपारी वाचला तर हे १० गुण सहसा हातचे जात नाहीत.

कौशल्य विषय म्हणजे अभ्यासात कच्च्या मुलांचा विषय, असं नातेवाईक म्हणतात. खरं का?

नाही. हा समज मुलांचं खरंच नुकसान करतो, म्हणून ठामपणे सांगते. चांगलं लिहिणारी, खूप वाचणारी, प्रश्न विचारणारी मुलं इथे रमतात. नुसत्या पाठांतरावर गुण मिळवणारी मुलं सुरुवातीला चाचपडतात, कारण प्रात्यक्षिकात प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. कमी गुणांच्या मुलांना या विषयाकडे वळवणाऱ्या शाळा आहेत, हे मला माहीत आहे. तो त्या शाळांचा दोष आहे, विषयाचा नाही.

शिकवतात तरी काय?

वृत्तपत्र, सिनेमा, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट ही पाच माध्यमं. प्रत्येकाची घडण कशी झाली, त्याची भाषा काय, त्यासाठी लिहायचं कसं, एखादी निर्मिती कागदावरच्या कल्पनेपासून प्रेक्षकापर्यंत कशी पोचते आणि त्यामागे पैसा कुठून येतो, असा साधारण आवाका. बातमीतले सहा ककार, म्हणजे कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं, इथपासून सुरुवात होते. पुढे संहिता, शॉट डिव्हिजन (प्रसंगाची कॅमेऱ्यासाठी तुकड्यांत विभागणी), संकलन, जाहिरात, वितरण असं येतं.

माझ्या मते या सगळ्याचा गाभा चार प्रश्नांत आहे. हे कोण सांगतंय? कुणाला सांगतंय? कुणाच्या पैशावर? आणि काय सांगायचं राहिलंय? बारावी संपताना मुलाला कॅमेरा सफाईने चालवता आला नाही तरी मला फारशी चिंता वाटत नाही. हे चार प्रश्न आपसूक पडू लागले नाहीत, तर मात्र दोन वर्षं वाया गेली असं मी समजते.

माध्यमांच्या इतिहासात सनावळ्याच पाठ करायच्या का?

थोड्या कराव्या लागतात, पण प्रत्येक तारखेमागे एक प्रश्न असतो आणि खरी गंमत तिथे आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. मराठीतलं हे पहिलं वृत्तपत्र, म्हणून ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन असतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण 'दर्पण'च्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी का होता? वर्गात हा प्रश्न टाकला की मुलं स्वतःच पोचतात: एतद्देशीयांशी बोलायचं होतं आणि राज्यकर्त्यांच्या कानावरही घालायचं होतं. वाचक ठरला की वृत्तपत्राची भाषा आणि मांडणी ठरते, हा धडा १८३२च्या एका पानावरून मिळतो.

दुसरं उदाहरण 'मूकनायक'चं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलं. तेव्हा 'केसरी' निघायला लागून जवळपास चार दशकं झाली होती, मराठीत नावाजलेली पत्रं होती. तरीही नव्या पत्राची गरज का पडली? 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती, ही गोष्ट सांगितली की मुलं गप्प होतात आणि मग बोलू लागतात. कुणाचा आवाज छापला जातो आणि कुणाचा नाही, हे ठरवणारे हात कुणाचे, ही चर्चा मग आजच्या वाहिन्यांपर्यंत येतेच.

प्रसारणाचा इतिहासही आपल्या दाराशीच आहे. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आजीआजोबांना 'आमची माती आमची माणसं' आठवत असेल तर त्यांची मुलाखत घ्या. गावात टीव्ही किती घरांत होते, कोण कुणाकडे बघायला जायचं, दारात कुणाला बसवलं जायचं: प्रेक्षक म्हणजे काय, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही व्याख्येतून कळत नाही.

'बातमी वाचायला शिकवतो' म्हणजे काय? बातमी तर कुणीही वाचतं.

एक पाठ सांगते, घरीही करता येईल. एकाच दिवसाचे तीन मराठी पेपर घ्या, एकाच शहराच्या आवृत्तीचे. लाल पेन आणि पट्टी घ्या. पहिल्या पानावर जाहिरात किती, बातमी किती, हे पट्टीने मोजा. जॅकेट जाहिरात, म्हणजे पेपरावर वरून गुंडाळलेलं पूर्ण पान जाहिरातीचं असेल तर खरं पहिलं पान कितवं आहे ते पाहा. मग तिन्हींत असलेली एक बातमी निवडा. मथळ्यात क्रियापद कोणतं आहे? 'म्हणाले', 'सुनावले', 'फटकारले' हे तीन शब्द एकाच भाषणाबद्दल आलेले दिसतील. कुणाचं म्हणणं आधी आलं? ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू कितव्या परिच्छेदात आहे? फोटोत कोण आहे? बातमी बातमीदाराच्या नावाने आहे की 'प्रतिनिधी' म्हणून? आणि तिघांपैकी एकाने ही बातमी आतल्या पानावर तळाशी का टाकली असेल?

या पाठाला दोन तास सहज जातात. त्यानंतर मुलांनी घरी जाऊन वडिलांशी पेपरावरून वाद घातला, असं अनेकदा ऐकायला मिळतं. मला त्याचा आनंद होतो.

याच ओघात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा विषय येतो. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर हा प्रश्न देशभर गाजला. उमेदवाराची स्तुती करणारा, जवळजवळ शब्दशः सारखा मजकूर एकमेकांच्या स्पर्धक पेपरांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. प्रेस कौन्सिलने त्यावर समिती नेमली आणि २०१० मध्ये अहवाल आला. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली तर वाचक सावध असतो. बातमीच्या वेषात आली तर त्याचा विश्वासच लुबाडला जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हा फरक लगेच समजतो, आणि त्यांचा रागही खरा असतो.

हे सगळं शाळेतच का? पुढे पदवीला शिकता येईल की.

कारण फोन हातात शाळेतच येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या समाजातले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचल्या होत्या. अशा हत्या देशात इतरत्रही झाल्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायचं ठरवलं.

ही घटना मी दर वर्षी वर्गात घेते. सोपं जात नाही. पण चित्रफितीचा मूळ स्रोत कसा शोधायचा, जुना फोटो नव्या नावाने फिरतोय हे उलट शोधाने, म्हणजे तो फोटोच इंटरनेटवर शोधून, कसं पडताळायचं, आवाज आणि चित्र वेगवेगळ्या ठिकाणचे असू शकतात हे कसं ओळखायचं, हे शिकवण्याचं इतकं ठोस कारण माझ्याकडे दुसरं नाही. घरातल्या ग्रुपवर आलेला संदेश पुढे जाण्याआधी थांबवणारं एक माणूस प्रत्येक घरात हवं. बऱ्याच घरांत ते माणूस अकरावीतलं असू शकतं.

राज्य मंडळातल्या मुलांनी काय करायचं?

तुमच्याकडे जे आहे ते नीट वापरा, कारण ते कमी नाही. मराठीचं 'युवकभारती' उघडा आणि 'उपयोजित मराठी' हा भाग काढा. अकरावीला सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद, अनुदिनी म्हणजे ब्लॉगलेखन आणि रेडिओजॉकी. बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख. हे माध्यमांचंच शिक्षण आहे. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी ते गाइडमधली उत्तरं पाठ करून उरकलं जातं.

मुलाखतीच्या पाठाला खरोखर कुणाची तरी मुलाखत घ्या. एसटी स्थानकावरचे वाहतूक नियंत्रक, रास्त भाव दुकानाच्या रांगेतली बाई, गावातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल. प्रश्न आधी लिहा, उत्तर ऐकताना कागद बाजूला ठेवा, आणि समोरचा थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मुद्रितशोधनाच्या खुणा शिकल्यावर शाळेच्या वार्षिक अंकाची पानं तपासायला मागून घ्या. एवढं केलेला विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षाला कौशल्य विषय घेऊन आलेल्या मुलाच्या मागे पडत नाही.

प्रकल्प कसा निवडावा?

लहान, जवळचा आणि पायी जाऊन करता येईल असा. 'भारतातील माध्यमांची भूमिका' असा विषय आणलेला विद्यार्थी मी परत पाठवते. 'आमच्या मंडईत पहाटे चार ते सहा' असा विषय आणला की मी लगेच होकार देते. तीन मिनिटांची ध्वनिफीत, चार पानांचं वृत्तपत्र किंवा पाच मिनिटांचा माहितीपट पुरेसा आहे.

परीक्षक तोंडी परीक्षेत बहुधा निर्णयांबद्दल विचारतात. हा शॉट आधी का घेतला, ही बाईट (बोलण्याचा चित्रित तुकडा) का कापली, ही व्यक्ती का निवडली. म्हणून कामाची वही ठेवा: तारीख, कुठे गेलो, काय चित्रित केलं, काय टाकून दिलं आणि का. बाहेरून संकलन करून आणलेली चकचकीत फिल्म पहिल्या दोन प्रश्नांतच उघडी पडते.

महागडा कॅमेरा घ्यावा लागेल का?

नाही. घरातला फोन, एक साधा ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा स्वस्तातला माइक. थोडे पैसे खर्च करायचेच असतील तर माइकवर करा: हललेलं चित्र लोक सोसतात, न कळणारा आवाज सोसत नाहीत. पंखा बंद करा, जाड पडदे असलेल्या खोलीत बसा. ध्वनीसाठी ऑडॅसिटी मोफत आहे, चित्रसंकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळते. आणि युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन शिका. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक हाताला बसायला महिनाभर लागेल, पण तो आयुष्यभर कामी येतो.

रस्त्यावर चित्रीकरण केलं, कुणी हरकत घेतली तर?

थांबा आणि नम्रपणे सांगा की तुम्ही विद्यार्थी आहात. समोरचा नाही म्हणाला तर नाही. कायदा पुढे येतो, सौजन्य आधी. तरी काही गोष्टी ठाऊक हव्यात. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करणं पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे. त्यात फक्त नाव नाही, घर, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही येतं. कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांबाबत बाल न्याय कायद्याचं कलम ७४ असंच बंधन घालतं. बदनामीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि इन्स्टाग्रामवरचा मजकूर तिच्या बाहेर नाही. लहान मुलांचं चित्रीकरण करायचं तर पालकांची लेखी परवानगी घ्या.

'सिनेगीताचे तीस सेकंद वापरले तर चालतं' असं मुलं एकमेकांना सांगतात. असा कुठलाही नियम कॉपीराइट कायद्यात नाही. शाळेतल्या वापराला काही सवलती आहेत, पण तीच फिल्म यूट्यूबवर टाकली की प्रश्न बदलतो. त्यापेक्षा वर्गातल्या पेटी किंवा तबला वाजवणाऱ्या मित्राला बोलवा.

माझं यूट्यूब चॅनेल आहे. मला आणखी काय शिकायचं?

चॅनेल चालवणं ही मोठी गोष्ट आहे, ते सोडू नका. पण चॅनेलवर तुम्हाला दिसतात ते आकडे: किती जणांनी पाहिलं, किती वेळ पाहिलं. आकडा का वाढला हे समजायला प्रेक्षक समजावा लागतो, आणि आकडा वाढवण्यासाठी काय करायचं नाही हे ठरवायला मूल्यं लागतात. शिवाय तुमच्या चॅनेलचे नियम दुसरी कंपनी ठरवते. त्यांचं अर्थकारण कसं चालतं, हे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त कळायला हवं.

एआयकडून बातमी लिहून घेतली तर?

मथळ्याचे पर्याय सुचवून घ्या, लांब मुलाखतीचं लेखी रूपांतर करून घ्या, आणि ते मूळ ध्वनीशी शब्दशः ताडून पाहा. मंडईत न जाता मंडईवरची बातमी लिहून घेतलीत, तर तिच्यातलं एकही वाक्य खरं असल्याची खात्री तुम्ही देऊ शकणार नाही. माझ्या वर्गात ती बातमी धरली जात नाही.

माझी मुलगी मराठी माध्यमातून आली आहे. इंग्रजी जमेल का?

जमेल, थोडा वेळ द्या. संज्ञा इंग्रजीतून येतात, पण त्या मूठभर असतात. मला काळजी उलट्या बाजूची वाटते. इंग्रजी माध्यमातली आपली मुलं मराठीत चार ओळींची बातमी लिहू शकत नाहीत, आणि मराठी वाहिन्या, पेपर, संकेतस्थळं, जाहिरात संस्था यांना चांगलं मराठी लिहिणारी माणसं हवीच असतात. माध्यमांसाठी मराठी सोडू नका. जमलं तर दोन्ही भाषा घ्या.

पुढे कुठे प्रवेश मिळतो?

मुंबई विद्यापीठाची पदवी पूर्वी बीएमएम म्हणून ओळखली जायची, आता ती बीएएमएमसी, म्हणजे मल्टिमीडिया आणि जनसंचारातली बीए आहे. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना तिथे अर्ज करता येतो, आणि काही महाविद्यालयांनी हा अभ्यासक्रम मराठी माध्यमातूनही चालवला आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात 'मास मीडिया / मास कम्युनिकेशन' हा स्वतंत्र विषय आहे, सांकेतांक ३१८. मात्र कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते विषय जुळवायचे, हे विद्यापीठागणिक वेगळं असतं, तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्या त्या विद्यापीठाची अट वाचा. पुण्यात सिम्बायोसिसची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे.

रानडे इन्स्टिट्यूट (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग), एफटीआयआय (पुण्याची चित्रपट प्रशिक्षण संस्था), अमरावतीचं आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्था) ही नावं घरात हमखास निघतात. तिथले मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत, तेव्हा बारावीनंतरच्या तीन-चार वर्षांची योजना आधी करा. माझा सल्ला असा की पदवी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, विज्ञान अशा एखाद्या भक्कम विषयात घेतली तरी चालेल. शेतीबद्दल लिहिणाऱ्याला शेती कळायला हवी.

नोकरी लागते का?

लागते. सुरुवातीचा पगार बहुधा थोडा असतो आणि वेळा विचित्र असतात. हे मुलांपासून लपवू नका. जिल्हा आवृत्तीतला बातमीदार अनेक ठिकाणी अजूनही मानधनावर काम करतो. दुसरीकडे बातम्यांबाहेरही कामं बरीच आहेत: भाषांतर, उपशीर्षकं, पॉडकास्ट, संस्थांचं जनसंपर्काचं काम, शैक्षणिक चित्रफिती, सामुदायिक रेडिओ. साताऱ्यात म्हसवडचं 'माणदेशी तरंग' किंवा पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' एकदा ऐका, म्हणजे माध्यम म्हणजे फक्त मुंबईतला स्टुडिओ नाही हे मुलांना समजेल.

आम्ही परदेशात आहोत. तिथेही हा विषय असतो का?

इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे तिकडच्या बारावीच्या स्तराला, 'मीडिया स्टडीज' आहे: ७० टक्के लेखी, ३० टक्के स्वतःची निर्मिती. भाषा, प्रतिनिधित्व, उद्योग आणि प्रेक्षक अशा चार बाजूंनी अभ्यास होतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातही शालान्त स्तरावर 'मीडिया' आहे. तिकडच्या मराठी मुलांना मी सुचवेन की एखादा तरी प्रकल्प मराठी मंडळाच्या गणेशोत्सवावर किंवा घरातल्या स्थलांतराच्या गोष्टीवर करा. तुमच्याइतका जवळचा साक्षीदार परीक्षकाला दुसरा मिळणार नाही.

शाळा निवडताना काय विचारू?

मागच्या वर्षीचे दोन प्रकल्प दाखवा म्हणा. विषयाचा शिक्षक पूर्णवेळ आहे का, की इंग्रजीच्या शिक्षकांकडे जादा काम म्हणून दिलाय? वर्गात रोज किती वृत्तपत्रं येतात, त्यांत मराठी किती? मुलांना शाळेच्या आवाराबाहेर चित्रीकरणाला नेतात का? पुणे-मुंबईची शाळा असेल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, केसरीवाडा किंवा मुंबईतलं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय मुलांनी पाहिलंय का? शाळेने प्रकल्प दाखवायला टाळाटाळ केली, तर दुसरी शाळा बघा.